बाजू संपत आली की एलपीचा आवाज फाटतो : सुई गेली की रेकॉर्ड?

आजोबांच्या एलपी सुरुवातीला छान वाजतात, बाजू संपत आली की आवाज फाटतो, आणि दुकानदार म्हणतो ‘रेकॉर्डी मेल्या, टाकून द्या’, असं तुम्ही लिहिलंय. टाकू नका. त्या गृहस्थाने तुमची सुई पाहिली तरी का? मी पैज लावतो, नाही पाहिली.

शास्त्रीय संगीताच्या एलपी असतील तर ही तक्रार ठरलेली. तबकडी सगळीकडे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनीच फिरते, पण कडेला सुईखालून सेकंदाला पन्नासेक सेंटिमीटर ग्रूव्ह (आवाज कोरलेली खाच) सरकते आणि लेबलाजवळ जेमतेम वीस-बावीस. तोच आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटीने कोरलेला असतो. त्यात आपल्याकडे बाजू भरतात कशी? कडेला विलंबित, आत येता येता द्रुत, तार सप्तकातल्या ताना, तबला ऐन भरात. सगळ्यांत अवघड गाणं नेमकं सगळ्यांत अडचणीच्या जागी. झिजलेली सुई विलंबित कसंबसं निभावते आणि तानेला उघडी पडते. ऐकणारा म्हणतो, बुवांचा आवाज लागला नव्हता त्या दिवशी.

आमचे भाऊजी हेच म्हणायचे. ताईचे यजमान, इंजिनियर, घरातल्या कुठल्याही यंत्राबद्दल शेवटचा शब्द त्यांचा. वडिलांच्या कुमारजींच्या आणि मल्लिकार्जुन मन्सूरांच्या एलपी ते एका दिवाळीत घेऊन गेले. परत आल्या तेव्हा कव्हरं अगदी नीट, आतली कागदी पाकिटंसुद्धा बदललेली. माणूस टापटिपीचा, याबद्दल वाद नाही. पण लावल्यावर प्रत्येक बाजूचा शेवट फरफरत होता. मी विचारलं, तर म्हणाले, ‘अरे, रेकॉर्डिंगच तसं आहे. आपल्याकडे छपाई कुठे धड होती?’

मग मी त्यांच्याकडे जाऊन प्लेअर पाहिला. सुईच्या दांडीच्या टोकावर, म्हणजे हेडशेलवर, चिकटपट्टीने चार आण्याचं नाणं लावलेलं. सुई मध्येच उडते म्हणून! ते नाणं अडीच ग्रॅमचं. कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते ती डबी, दोन ग्रॅम भारावर चालणारं, म्हणजे एकूण भार दुपटीहून जास्त. आणि सुई? ‘डायमंड आहे,’ भाऊजी म्हणाले, ‘हिरा प्लास्टिकने झिजतो होय?’

झिजतो. आडाच्या काठचा दगड दोराने झिजतो, तसाच. भार ग्रॅमातला असला तरी तो पेलणारी जागा काही मायक्रॉनची, त्यामुळे तिथला दाब प्रचंड असतो, आणि ग्रूव्हमध्ये धूळ असतेच. साध्या गोल टोकाच्या हिऱ्याचे साधारण पाचशे ते हजार तास धरा, नीलमण्याच्या सुईचे त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. टोकाच्या दोन्ही अंगांना सपाट चट्टे पडतात, चट्ट्यांना धार येते, आणि मग ती सुई ग्रूव्ह वाचायची सोडून खरवडायला लागते. भाऊजींनी घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून ‘टोक शाबूत आहे’ असा निकाल दिला होता. त्या भिंगातून टोक तुटलंय का, वाकलंय का, कचरा अडकलाय का एवढंच कळतं. चट्टे पाहायला शंभर-दोनशे पट मोठं दाखवणारा मायक्रोस्कोप आणि तिरपा उजेड लागतो.

मायक्रोस्कोप तुमच्याकडे नसणार, म्हणून कानाने तपासा. आधी सुई मऊ ब्रशने मागून पुढे झाडा. कित्येकदा टोकावर लोकरीसारखा धुळीचा गोळा बसलेला असतो आणि रोग तिथेच संपतो. मग ज्या रेकॉर्डची खात्री आहे अशी एक लावा, नवी मिळाली तर उत्तम. ‘स’ आणि ‘श’ थुंकल्यासारखे येतात का, हार्मोनियमच्या सुरांना कडेला काटे फुटतात का, ते ऐका. नवी रेकॉर्डही फाटत असेल तर लगेच थांबवा, दोष सुईचा किंवा मांडणीचा आहे. नव्या सुईवर नवी रेकॉर्ड स्वच्छ आणि आजोबांची तेवढी फाटत असेल, तर ग्रूव्ह गेली. फक्त उजव्या बाजूचा स्पीकर जास्त फाटत असेल तर अँटीस्केटिंग, म्हणजे दांडी लेबलाकडे ओढली जाऊ नये म्हणून दिलेला उलटा ताण, कमी पडतंय. आणि टकटक, चटचट म्हणजे धूळ-ओरखडे. त्याचा झिजेशी संबंध नाही. लोक टकटक ऐकून रेकॉर्ड टाकतात आणि फरफर ऐकून गायकाला नावं ठेवतात.

हे सगळं मी भाऊजींना पुराव्यानिशी दाखवलं. मुंबईत चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर त्याच एलपीची दुसरी प्रत मिळाली, कळकट, कव्हर फाटकं, ओरखडे दिसतील असे. घरी आणून धुतली. नवी सुई बसवली, भाऊजींना बोलावलं आणि त्याच सुईवर दोन्ही प्रती ऐकवल्या. बाजारातली टकटकत होती, पण तान शेवटपर्यंत स्वच्छ. भाऊजींकडून आलेली दिसायला आरशासारखी, आणि शेवटची पाच मिनिटं नुसती खरखर. भाऊजी म्हणाले, ‘ती वेगळ्या छपाईची असेल.’ मी लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला आकडा दाखवला. दोन्हींवर एकच. त्यावर त्यांनी चहा मागितला.

ताई अजून म्हणते, सोड ना आता. पण भाऊजी आजही पाहुण्यांना सांगतात की हिरा झिजत नाही, त्यामुळे मी सोडत नाही. तुमच्या हेडशेलवर नाणं असेल तर आजच काढा. पंचवीस पैसे २०११पासून चलनातही नाहीत.

सुई उडते तेव्हा वजन लादणं हा उपाय नव्हे. दांडीच्या मागच्या टोकाच्या वजनाने, म्हणजे काउंटरवेटने, कंपनीने सांगितलेला भार ठेवा, छोट्या डिजिटल काट्याने मोजा. हलकं ठेवलं म्हणजे रेकॉर्ड वाचते हाही भ्रम आहे. सुई ग्रूव्हमध्ये उड्या मारते आणि भिंती फोडते. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या एलपीच्या सुईवर लावू नका, त्यांना जवळपास चौपट जाड टोक लागतं. उलट्या-सुलट्या होणाऱ्या सुया असलेल्या जुन्या प्लेअरमध्ये चुकून ७८ची बाजू एलपीवर लागलेली असते, तेही बघा.

आता थोडं माझ्याच बोलण्याच्या विरुद्ध. गोल टोकाची सुई अगदी नवी असली तरी लेबलाजवळ किंचित फाटतेच, आणि कार्ट्रिज वाकडं बसलं असेल तर चांगली सुईही तिथेच रडते. कार्ट्रिजचा कोन जुळवायचा कागदी तक्ता (प्रोट्रॅक्टर) छापून घ्या आणि बसवणी जुळवा, मगच पैसे खर्च करा. ग्रूव्ह खरोखर गेलेली असेल तर इलिप्टिकल (लंबगोल) किंवा मायक्रोलाइन (त्याहून बारीक धारेचं) टोक कधी कधी भिंतीच्या न झिजलेल्या पट्टीला टेकतं आणि बरंच गाणं परत मिळतं. कधी कधी जखमाच जास्त ठळक ऐकू येतात. सूटकेसवाल्या स्वस्त प्लेअरवर मात्र यातलं फारसं काही करता येत नाही, तिथे सुई बदलायची आणि चांगल्या रेकॉर्डी त्यावर लावायच्याच नाहीत. आणि पहिल्या ग्रूव्हपासूनच सगळं फाटत असेल, तर प्लेअरमध्येच प्रीअँप (सुईचा क्षीण आवाज वाढवणारं सर्किट) आहे आणि तुम्ही वायर पुन्हा अँपच्या फोनो इनपुटला, म्हणजे तसंच सर्किट असलेल्या खाचेत, जोडलीय असंही असू शकतं. ती ऑक्समध्ये, म्हणजे अँपच्या साध्या इनपुटमध्ये, लावून बघा, फुकट आहे.