क्रोशाचा रुमाल वर जाता जाता त्रिकोणी का होतो, आणि घरातला लोकरीचा पसारा कसा आवरायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: व्हिडिओ बघून साखळी आणि खांब (सुईवर आधी एक वेढा घेऊन घातलेला उंच टाका) जमायला लागलेत, पण चौकोनी रुमाल करायला घेतला की त्याचा त्रिकोण होतो. घरात सुयांचा अख्खा संच आणि तीन पिशव्या लोकर येऊन पडलीय, चार गोष्टी अर्धवट आहेत, आणि आता सुरुवात कुठून करावी ते कळत नाही.

आधी नवीन काहीही विकत घेणं थांबवा. हे मी सगळ्यांनाच सांगते, आमच्या सोसायटीत दुपारी शिकायला येणाऱ्या बायकांनाही. तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत शिरलं की हात आवरत नाही हे मान्य, पण क्रोशाला लागते एक सुई आणि एक गुंडा. तुमच्या संचातली ४ मिलिमीटरची सुई बाहेर काढा आणि बाकीच्या नजरेआड ठेवा. सुईवरचा आकडा मिलिमीटरमध्येच बघा. त्याशिवाय जे नंबर किंवा अक्षरं असतात ती कंपनीगणिक बदलतात, आणि दोऱ्याच्या कामाच्या बारीक स्टीलच्या सुयांमध्ये तर नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक.

मग पिशव्यांमधून एक फिकट रंगाचा, गुळगुळीत, जाडसर सुती गुंडा शोधा. लेबलवर ८ प्लाय (प्लाय म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) असेल तर उत्तम. काळा, गडद निळा, केसाळ, चमकीचा असले सगळे सध्या बाद, कारण त्यांत टाका दिसत नाही आणि तुमची सगळी अडचण टाका न दिसण्याचीच आहे. लेबल हरवलं असेल तर धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून सिंकवर पेटवून बघा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि मागे मऊ राख राहते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते. दुकानात आपण ‘लोकर द्या’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हातात अ‍ॅक्रिलिकच येतं. त्यात वाईट काही नाही, स्वेटर-टोपीला चांगलं असतं. पण गरम पातेलं उतरवायचा रुमाल त्याचा करू नका, तो भांड्याला चिकटून वितळेल.

आता त्रिकोणाकडे येऊ. तुमचे टाके चुकत नाहीयेत, ओळीची दोन टोकं चुकतायत.

खांबाची ओळ संपली की आपण काम उलटवतो आणि ३ साखळ्या घालतो. या ३ साखळ्या म्हणजेच नव्या ओळीतला पहिला खांब. म्हणजे तो खांब उभा राहिलेला आहे, त्याच्या बुडाशी जे घर आहे (घर म्हणजे खालच्या टाक्याचं डोकं, ज्यात सुई घालतो) ते भरलेलं आहे. पुढचा खांब त्याच्या शेजारच्या घरात जायला हवा. बुडातल्याच घरात घातलात तर एक खांब वाढला. हे झालं सुरुवातीच्या टोकाचं.

शेवटचं टोक जास्त फसवं असतं. तिथे शेवटचा खांब घालायचा तो खालच्या ओळीतल्या त्या ३ साखळ्यांपैकी सगळ्यात वरच्या साखळीत. बाकीच्या खांबांची डोकी वरून बघितली तर आडव्या पडलेल्या वेणीच्या पेडांसारखी ओळीने दिसतात, ही साखळी मात्र जरा बाजूला कलंडलेली असते आणि तिचं तोंड घट्ट असतं. डोळा तिच्यावरून घसरतो. आपल्याला वाटतं ओळ संपली, आपण उलटवतो, आणि एक खांब गेला. २०चे १९, १९चे १८. दहा ओळींत निम्मा रुमाल गायब.

त्यावर उपाय साधा आहे. ओळ सुरू करताना तिसऱ्या साखळीत एक छोटी सेफ्टीपिन अडकवा. परत येताना जिथे पिन आहे तिथे शेवटचा खांब. पिन काढा, नव्या तिसऱ्या साखळीत लावा. बाजारात यासाठी रंगीत प्लास्टिकचे मार्कर मिळतात, छान दिसतात, पण पिनेचं काम पिनच करते. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी मोजा. मोजताना सुईवरचा वेढा धरायचा नाही.

सुरुवातीच्या साखळ्यांचंही गणित सांगून ठेवते. २० खांब हवे असतील तर २२ साखळ्या घाला आणि पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत घ्या. सुटलेल्या ३ साखळ्या एक खांब धरायच्या, बरोबर २० होतात. मुक्या खांबाचा हिशोब वेगळा. मुका खांब म्हणजे सुईवर आधी वेढा न घेता घरात शिरायचं, दोरा ओढून आणायचा, आणि सुईवरच्या दोन्ही वेढ्यांतून एकदम बाहेर काढायचं. त्याला २० साठी २१ साखळ्या, पहिला टाका दुसऱ्या साखळीत. ओळ उलटवताना १ साखळी, आणि ती टाका म्हणून मोजायचीच नाही, त्यामुळे पहिला मुका खांब पहिल्याच घरात. व्हिडिओमध्ये हे दोन नियम एका दमात सांगून टाकतात आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात त्यांची खिचडी होते. म्हणून पहिला रुमाल पूर्ण मुक्या खांबांचा करा. हळू वाढतो, कंटाळा येतो, पण कडा सरळ येतात आणि हात बसतो.

पहिली साखळीच इतकी घट्ट होत असेल की सुई आत शिरत नाही, तर फक्त साखळीपुरती अर्धा मिलिमीटर जाड सुई घ्या आणि पुढे ४ वर या. वेढा सुईच्या जाड दांडीवर येऊ द्या. टोकाच्या हुकाजवळच्या बारीक गळ्यावर ओढलात की तो आवळणारच.

नावांचा घोळ एकदाच समजून घ्या. अमेरिकन पद्धतीत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात तो आपला मुका खांब, ब्रिटिश पद्धतीत त्यालाच डबल क्रोशे म्हणतात. अमेरिकनांचा डबल म्हणजे आपला खांब, तो ब्रिटिशांचा ट्रेबल. नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ दिसलं की तो अमेरिकन समजा, कारण आजच्या ब्रिटिश नमुन्यात तो शब्द सहसा येत नाही. आईच्या किंवा सासूबाईंच्या कपाटातल्या जुन्या पुस्तिका बहुधा ब्रिटिश नावांच्या निघतात.

रुमाल झाला की गोल कोस्टर करा. ४ साखळ्यांचं कडं करून त्यात १२ खांब (पहिल्या ३ साखळ्या धरून), पुढच्या फेरीत प्रत्येक घरात दोन म्हणजे २४, मग ३६, मग ४८. दर फेरीला १२ वाढले की गोल सपाट राहतो. मुक्या खांबांना दर फेरीला ६ वाढवायचे. कडेला झालर आली तर तुम्ही जास्त वाढवताय, वाटी झाली तर कमी. मोजणी बरोबर असूनही वाटीच होत असेल तर हात घट्ट आहे, सुई अर्ध्या मिलिमीटरने वाढवा. आणि वाटीच हवी असेल तर? तळ हवा तेवढा झाल्यावर वाढवणं बंद करायचं, कडा आपोआप उभी राहते. किल्ल्या टाकायची टोपली अशीच होते.

रुखवतातलं बारीक दोऱ्याचं तोरण, दुधाच्या पातेल्यावरचा मण्यांचा जाळीदार रुमाल, हे नंतर. सुती दोऱ्याचे नंबर १०, २०, ४० असे असतात आणि नंबर वाढेल तसा दोरा बारीक होतो, त्याला दीड मिलिमीटरच्या आतबाहेरची स्टीलची सुई लागते. जाळी विणायला सोपी असते, पण बारीक दोरा उसवणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. मणी लावायचे असतील तर आधी सगळे मणी दोऱ्यात ओवून घ्यावे लागतात, एवढं मात्र आत्ताच लक्षात ठेवा. आणि असला रुमाल धुतल्यावर साबुदाण्याच्या पातळ खळीत बुडवून, टाचण्यांनी ताणून वाळवला तरच त्याची नक्षी उघडते. बाळंतविड्यासाठी काही करणार असाल तर मोठ्या भोकांची नक्षी नको, बाळाची बोटं अडकतात. खेळण्यांना मणी-बटणांचे डोळेही नकोत, दोऱ्यानेच डोळे काढा.

कुणीतरी लवकरच म्हणेल, ‘लोकरीचे पैसे देते, मलाही एक करून दे’. विणकामाची यंत्रं आहेत, पण खरा क्रोशा आजही यंत्रावर होत नाही, जो दिसतो तो कुणाच्या तरी हातचा असतो. आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशाच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तीही घराघरांतल्या बायकांच्या हातचीच. तेव्हा वेळेचे पैसे सांगायला लाजू नका.

आता पसारा. तीन पिशव्या जमिनीवर ओता आणि रंगाप्रमाणे नाही, प्रकाराप्रमाणे वेगळं करा: सुती, अ‍ॅक्रिलिक, खरी लोकर. रंगाप्रमाणे लावलेलं सुंदर दिसतं, पण विणायला घेतल्यावर अर्धं सुती आणि अर्धं अ‍ॅक्रिलिक हातात येतं, आणि धुतल्यावर एक आटतं, दुसरं नाही. प्रत्येक गुंड्याचं लेबल त्याच्याच पोटात खुपसून ठेवा. लेबलवर रंगाच्या क्रमांकाशिवाय एक लॉट नंबर असतो. तोच रंग दुसऱ्या लॉटमध्ये किंचित वेगळा येतो, आणि घरातल्या ट्यूबलाइटखाली न दिसलेला फरक उन्हात पट्ट्यासारखा उठून दिसतो. म्हणून मोठ्या कामाची लोकर एकाच लॉटची, एकदम घ्यायची.

अर्धवट कामांसाठी श्रीखंडाचे किलोचे रिकामे डबे. एका कामाला एक डबा: गुंडा, विणलेला भाग, त्या कामाची सुई आणि चिठ्ठी. चिठ्ठीवर सुईचा आकडा, किती टाके, कोणती ओळ चालू आहे. झाकणाला गरम सळईने भोक पाडलं की दोरा तिथून येतो आणि गुंडा घरभर फिरत नाही (भोकाची कड घासून घ्या, नाहीतर धागा तुटतो). शेवटचा वेढा सुईवर न ठेवता सेफ्टीपिनेत अडकवा, म्हणजे सुई लागली तर काढता येते आणि काम उसवत नाही. स्टीलच्या बारीक सुया चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात त्या गंजतात आणि गंजलेला हुक प्रत्येक टाक्यात अडकतो. कोरड्या फडक्याने पुसून ठेवल्या की पुरतं. सुती गुंड्यांना कुबट वास लागतो, त्यांना ऊन निघेल तेव्हा बाहेर काढा. कसर लागते ती खऱ्या लोकरीला, डांबरगोळ्या तिथेच टाका, अ‍ॅक्रिलिकमध्ये त्या वाया जातात.

उरलेला गुंडा अजून एका फेरीला पुरेल का, हे अंदाजाने ठरवू नका. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्या. फेरीच्या आधी गुंडा तोला, नंतर तोला. फेरीला ६ ग्रॅम गेले आणि उरलेत ५, तर तिथेच थांबायचं. गोलात पुढची फेरी आधीच्यापेक्षा जास्तच खाते हे धरून चला.

राहिल्या तुमच्या चार अर्धवट गोष्टी. त्रिकोण झालेला रुमाल उसवा, त्याची दया नको. उसवलेला धागा कुरळा असतो, तसाच विणलात तर टाके लहानमोठे येतात. तो खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी दुसऱ्या दोऱ्याने सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा, पिळू नका, आणि टांगून खाली एखादी हलकी वस्तू अडकवा. वाळला की सरळ होतो. गुंडा करताना घट्ट आवळून गुंडाळू नका, ताणलेला धागा विणून झाल्यावर आखडतो. गुंता झालाच तर टोक ओढू नका, गाठ आवळते. बोटांनी वेढे मोठे मोठे करत जा, तो स्वतःच सुटत येतो. ज्या धाग्याचं लेबल नाही तो तसाच रंग पुन्हा मिळेल असं धरू नका, त्याचे कोस्टरच करा.