तुझ्यावर कोणाचा हक्क आहे?

चिरंजीवास,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

शब्बाथ शाळा, तरुण संघ, गायनमंडळ, नाताळचं नाटक, सगळं करून झालं. आता रविवारची उपासना आटोपून इंदूरच्या छप्पन दुकानावर पोहे-जलेबी खाताना आत काहीतरी रिकामं वाटतं, असं तू लिहिलं आहेस. आठवड्यात आणखी एखादी प्रार्थनासभा धरावी का, असंही विचारतोस. माझं मत विचारशील तर सध्या नको. मंडळी, म्हणजे आपलं चर्च, मात्र सोडू नकोस.

बाकावर बसून बरं वाटतं, कारण तिथे तुझ्याकडे कोणी काही मागत नाही. गाणी पाठ आहेत, उपदेश कुठे वळणार तेही ठाऊक आहे, दानार्पणाची थैली अर्ध्या मिनिटात पुढे जाते. तुझ्या आठवड्यावर, पगारावर आणि नावावर कुणाचाच हक्क नाही, हे तुझ्या रिकामेपणाचं मूळ आहे. बायबलात आमोस संदेष्ट्याच्या पाचव्या अध्यायात देव आपल्या लोकांच्या गाण्यांना गलबला म्हणतो आणि न्याय पाण्यासारखा वाहू दे असं सांगतो. त्या लोकांचं सणवार आणि अर्पण यांत काही कमी नव्हतं. वेशीत गरिबाला न्याय मिळत नव्हता, आणि अर्पण करणारे तेच होते.

म्हणून पुढे जे लिहितो ते सगळं कोणाला तरी तुझ्यावर हक्क देण्याबद्दल आहे.

सुरुवात प्रभुभोजनापासून, उपासनेतल्या भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीपासून कर. करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय आपण दर वेळी ऐकतो, आणि 'अयोग्य प्रकारे' हा शब्द आला की जो तो आपापली गुप्त पापं आठवू लागतो. तीही आठवावीत. पण विसाव्या वचनापासून सावकाश वाचलंस तर पौलाची तक्रार वेगळी दिसेल: ज्यांच्याकडे होतं ते आधीच जेवून घेत होते आणि ज्यांच्याकडे नव्हतं ते उपाशी बसत होते. आपल्या मंडळीत बघ. झाबुआ-अलीराजपूरकडून मजुरीला किंवा शिकायला आलेली भिल्ल मुलं कुठे बसतात? उपासनेनंतरच्या चहाला ती थांबतात की चपला घालून निघून जातात? सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि फाटक्या कपड्यांच्या माणसाला पायाशी जागा, हे याकोबाने दुसऱ्या अध्यायात लिहिलं ते मंडळीतल्याच माणसांना. जात बाप्तिस्म्याच्या पाण्यात राहिली असं आपण म्हणतो, आणि लग्न जमवताना ती बरोबर पुन्हा वर येते. या एका बाबतीत मला गुळमुळीत बोलता येत नाही. दर महिन्याला एकदा अशा माणसाच्या घरी जेव, ज्याच्या घरी तुझे आईवडील कधी जेवले नाहीत. त्याला आपल्याकडे बोलावणं सोपं असतं, कारण यजमान वरच राहतो. आधी तू त्याच्याकडे जा, त्याच्या घरात असेल ते खा, आणि सोबत किराणा नेऊ नकोस.

प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात आणखी एक काम असतं. मत्तय पाच, वचन तेवीस-चोवीस: अर्पण वेदीजवळ ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, असं तिथे लिहिलं आहे. म्हणजे रुसलेला तो असला तरी चालत जायचं तुला. फोनवरचा मेसेज समेट नव्हे. जाऊन भेट, एकट्याने, आणि एकाच वाक्यात नेमकं सांग: "त्या दिवशी मी चारचौघांत असं बोललो, ते चूक होतं." त्या वाक्यात 'पण' आला की माफी संपली आणि वाद सुरू झाला. पैशाचं किंवा वस्तूचं नुकसान केलं असेल तर भरून दे. गणनाच्या पाचव्या अध्यायात मूळ रकमेवर पाचवा हिस्सा वर द्यायला सांगितलं आहे, जकातदार जक्कयाने तर चौपट कबूल केलं. तुझे हजार राहिले असतील तर बाराशे घेऊन जा. समोरचा दार लावून घेईल, तेही धरून चाल. महिन्याभराने पुन्हा एकदा जा, मग थांब.

आता आठवड्याबद्दल. एमवाय हे मोठं सरकारी हॉस्पिटल तुझ्या रोजच्या वाटेवर आहे. धार, झाबुआ, खरगोन, बडवानी इथून लोक पेशंट घेऊन येतात आणि सोबतचा माणूस व्हरांड्यात चादर टाकून दिवस काढतो. पेशंटला निदान खाट तरी मिळते. सोबतच्या माणसाला झोप नाही, अंघोळ नाही, आणि कागद वाचता येत नाहीत. तुझा हात तिथे लागतो.

दोघेच जा. येशूने बहात्तर जणांना पाठवलं तेही दोघादोघांनी. ठरावीक वार, ठरावीक वॉर्ड, दोन तास. आधी वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना भेटून परवानगी घे आणि आपण कोण ते स्पष्ट सांग. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी जाऊ नकोस. खाटेवर बसू नकोस. जाताना-येताना हात धू. पेशंटला खायला काही देऊ नकोस: ऑपरेशनआधी उपाशी ठेवलेला असतो, साखरेचा आजार असतो, तुला कळणार नाही. द्यायचं तर सोबतच्या माणसाला दे. औषधोपचारावर मत देऊ नकोस. काम विचारशील तर अगदी साधं आहे: "मी इथे बसतो, तुम्ही अंघोळ करून दोन घास खाऊन या." झेरॉक्स काढून आणणं, तपासणीच्या रांगेत उभं राहणं, चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाचून सांगणं. आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण बरेच जण आधार आणि समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा नोंदणी क्रमांक, यांच्या गोंधळात अडकतात. कुटुंबाची समग्र आयडी 8 अंकी आणि माणसाची 9 अंकी असते. फॉर्मवर एकीच्या जागी दुसरी लिहिली की काम तिथेच थांबतं. एवढं ठाऊक असलेला माणूस जवळ असणं हाही त्यांच्यासाठी आधार आहे.

असे गट कसे मोडतात तेही ऐकून ठेव. पहिल्या आठवड्यात आठ जण, फोटो, बॅनर, बिस्किटांचे पुडे. तिसऱ्या महिन्यात एक जण, आणि मग कोणीच नाही. आठ जण मिळून गेलं की आपण आपल्यातच बोलतो, आणि फोटो काढला की समोरच्या माणसाला कळतं तो कशासाठी ते. शिवाय न झेपणारा शब्द दिला जातो: "पुढच्या वेळी औषधं आणतो." तो माणूस दाराकडे डोळे लावून बसतो. जेवढं तू एकटा करू शकशील तेवढंच बोल.

प्रार्थना करावीशी वाटली तर विचार, "प्रार्थना करू का?" आणि नाही म्हणाले तर ते नाहीच. पत्रकं नको, मदतीच्या बदल्यात सभेचं आमंत्रण नको. मध्य प्रदेशच्या 2021 च्या धार्मिक स्वातंत्र्य कायद्यात प्रलोभनाची व्याख्या मोठी आहे, भेटवस्तूपासून शिक्षणापर्यंत. तो कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. लूकाच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि परत आला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांना परका. उरलेल्या नऊ जणांचं बरेपण येशूने काढून घेतलं नाही. कोणी आपणहून विचारलं की तू का येतोस, तर खरं उत्तर दे, दोन वाक्यांत, आणि हातातलं काम पुढे चालू ठेव.

रक्तदानही याच यादीत घाल. पुरुषाला दर 90 दिवसांनी, स्त्रीला 120 दिवसांनी देता येतं. वजन किमान 45 किलो आणि हिमोग्लोबिन किमान 12.5 लागतं. ते कोणाच्या अंगात जाईल, त्याची जात काय, धर्म काय, हे तुला कधीच कळणार नाही, हे मला फार आवडतं.

पैशाचं गणित मांडू. मलाखीचा तिसरा अध्याय आपल्याकडे दानाच्या रविवारी हमखास वाचला जातो. 'अनुवाद' या पुस्तकाचा चौदावा अध्याय क्वचितच. तिथे दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातल्या लेव्यासाठी (मंदिराच्या सेवकासाठी), परदेशी माणसासाठी, अनाथासाठी आणि विधवेसाठी आहे, त्यांनी पोटभर जेवावं म्हणून. हातात 32 हजार येत असतील तर दशमांश 3,200. अर्धे मंडळीला, 1,600 वेगळ्या पाकिटात, रोख, पगाराच्याच दिवशी. फोनवरून दिलेला पैसा हाताला जाणवत नाही, म्हणून रोख. क्रेडिट कार्डाचं कर्ज अंगावर असेल तर दोन टक्क्यांपासून, 640 रुपयांपासून सुरुवात कर, कर्ज आधी फेड, आणि पगारवाढीबरोबर टक्का वाढव. पाकीट महिनाअखेरीला रिकामं झालंच पाहिजे. साठत गेलं की ते दिवाळी-नाताळच्या खरेदीत जिरतं. ज्याचं नाव तुला ठाऊक आहे अशाच माणसासाठी ते वापर: शाळेची फी शाळेच्या खिडकीवर भर, औषध मेडिकलवरून घेऊन दे. उसने म्हणून देऊ नकोस. फेडता न आलेला माणूस तुला रस्त्यात टाळू लागतो, आणि पैशाबरोबर तोही जातो.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात राखेच्या बुधवारपासून उत्तम शुक्रवारपर्यंत सात शुक्रवार येतात. एक वेळचं जेवण सोड आणि त्याचे पैसे त्याच पाकिटात टाक. दीडशे धरले तर 1,050. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायातला उपवास भुकेल्याला आपली भाकर वाटून देण्याचा आहे. भूक आपल्यापाशी आणि पैसाही आपल्यापाशीच, असा उपवास फक्त वजन कमी करतो.

ऑफिसबद्दल थोडक्यात. आईवडिलांच्या घरात राहून घरभाड्याची खोटी पावती लावणं, न केलेले तास टाइमशीटमध्ये भरणं, ही खोटी साक्षच आहे, आणि "सगळेच करतात" हे तुला आजवर पुरत आलं असेल. पुढच्या महिन्यापासून बंद कर. साहेबांनी खोटा आकडा मागितला तर लगेच, एकांतात, नम्रपणे नाही म्हण आणि खरा आकडा हातात दे. बढती अडू शकते, आणि अडली तर ती देवाची परीक्षा आहे वगैरे गाजावाजा करू नकोस.

क्षमेविषयी तू विचारलंस. तुझ्या शहरापासून जवळच, देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात, कॅथलिक नन सिस्टर राणी मारिया भूमिहीन आणि आदिवासी शेतकऱ्यांना सावकारी कर्जातून सोडवण्याचं काम करत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरच्या बसमधून जाताना त्यांचा खून झाला. त्यांच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरमध्येच राणी मारियांना धन्य (कॅथलिक चर्चमधली संतपदाआधीची पायरी) घोषित केलं गेलं. आपण प्रोटेस्टंट असलो तरी हा वारसा आपलाही आहे. पण एक फरक लक्षात ठेव: त्या खुन्याला शिक्षा झाली होती, तो तुरुंगात होता. क्षमा म्हणजे गुन्हा झाकणं नव्हे. मंडळीतल्या एखाद्या बाईने घरात मार खाते असं सांगितलं तर तिला "सहन कर, क्षमा कर" असा उपदेश करू नकोस. हेल्पलाइनचे नंबर: महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098, तातडीला 112. आणि तिला विचारून तिच्यासोबत जा.

वाचनाचं: 1 जानेवारीला उत्पत्ती सुरू करून फेब्रुवारीत लेवीयात अडकायची सवय सोड. मत्तय पाच ते सात, तीन अध्याय, 111 वचनं, मोठ्याने वाचायला पंधरा मिनिटं. महिनाभर रोज तेच. एक आज्ञा निवड आणि आज संध्याकाळपर्यंत ती कोणाच्या बाबतीत पाळायची त्या माणसाचं नाव वहीत लिही. नाव सुचलं नाही तर ती आज्ञा तू अजून नीट वाचलेली नाहीस.

हे एकट्याने टिकत नाही. पंडिता रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली केडगावला घेऊन आल्या, तेव्हा त्यांना जागा, धान्य, विहिरी, शिक्षण सगळंच बघावं लागलं. प्रार्थना आणि चूल एकाच आवारात आली, आणि सोबत माणसं होती म्हणून ते उभं राहिलं. तू तिघांचा गट कर, आठवड्याला चाळीस मिनिटं. विचारायचं एवढंच: या आठवड्यात कोणाकडे गेलास, कोणाला टाळलंस, पाकिटात किती उरलं. गटाबाहेरच्या माणसाबद्दल बोलणं सुरू झालं की तिथेच थांबवा. हे गट बहुतेक चहाड्यांनीच मोडतात. पाळकसाहेबांना गटाबद्दल आधीच सांगून ठेव, नाहीतर तीन महिन्यांनी कोणीतरी "वेगळी चूल मांडली" म्हणेल.

सगळं एकदम सुरू करू नकोस. या महिन्यात समेट आणि पाकीट; पुढच्या महिन्यात हॉस्पिटल. पहिल्या दिवशी हातात काही नेऊ नकोस. पेन, कोरा कागद आणि चार्जर पुरे. सोबतच्या माणसाचा फोन बहुधा बंद पडलेला असतो आणि घरची माणसं गावाकडे वाट पाहत असतात.

तुझ्यासाठी प्रार्थना करणारा,
तुझा काका