'प्रतोद' हा माणूस की आदेश?

'प्रतोदांनी आमदारांना व्हिप बजावला' असे वाक्य बातमीत वाचून एका वाचकाने विचारले आहे की, प्रतोद म्हणजेच व्हिप असेल, तर हे वाक्य बरोबर कसे? इंग्रजीत माणसाला, म्हणजे सभागृहात आपल्या पक्षाच्या सदस्यांना मतदानाबाबत पक्षाचा आदेश देणाऱ्या पदाधिकाऱ्याला, आणि त्याने काढलेल्या आदेशाला 'व्हिप' हा एकच शब्द चालतो. मराठीने मात्र माणसासाठी 'प्रतोद' आणि आदेशासाठी 'पक्षादेश' असे दोन शब्द वेगळे केले, पण आदेशाच्या अर्थी 'व्हिप'ही रूढ राहिला. त्यामुळे वाक्य चुकीचे नाही. 'प्रतोदांनी पक्षादेश बजावला' हे अधिक नेटके.

'प्रतोद' हा शब्द 'तुद्', म्हणजे टोचणे, या संस्कृत धातूपासून आला आहे. बैलाला टोचायची पराणी किंवा सारथ्याच्या हातातला चाबूक, हा त्याचा मूळ अर्थ. भीष्मपर्वात एका प्रसंगी श्रीकृष्ण रथातून उडी टाकून भीष्मांवर धावून जातो, तेव्हा त्याच्या हातात प्रतोदच असतो. हिंदीने याच पदाला 'सचेतक', म्हणजे सावध करणारा, असे सौम्य नाव दिले. मला मराठी शब्द अधिक खरा वाटतो, कारण ज्याला आपण 'लोकप्रतिनिधी' म्हणतो, त्याला सभागृहात हाकणारे कोणी असते, हे तो लपवत नाही.

लोकांचा प्रतिनिधी आणि पक्षाने हाकलेला सदस्य, हा विरोध कायद्यातही आहे. 'आयाराम-गयाराम' प्रकारांनी मतदारांचा कौल पायदळी तुडवला जाऊ लागला, म्हणून 1985 मध्ये 52व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आली. पण त्याच अनुसूचीमुळे पूर्वपरवानगीशिवाय पक्षाच्या निर्देशाविरुद्ध मत देणाऱ्या किंवा मतदानाला गैरहजर राहणाऱ्या सदस्याला, पक्षाने 15 दिवसांत माफ केले नाही तर, सदस्यत्व गमवावे लागू शकते. 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला, मात्र असा निर्देश सरकारच्या अस्तित्वाशी किंवा पक्षाने ज्यांवर कौल मागितला त्या धोरणांशी निगडित मतदानापुरताच असावा, असेही सुचवले. ती मर्यादा कायद्यात लिहिली गेली नाही, याची मला मनापासून खंत वाटते. पुढे 11 मे 2023 रोजी, महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाच्या निकालात, प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा, म्हणजे सभागृहातील त्या पक्षाच्या सदस्यांच्या गटाचा, नसून राजकीय पक्षाचा आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

जाता जाता, 'तीन ओळींचा व्हिप' या प्रयोगाविषयी. त्यात मजकुराच्या तीन ओळी अभिप्रेत नसतात. आदेशाखाली तीनदा रेघ ओढून त्याची निकड दाखवण्याच्या ब्रिटिश संसदेतल्या रिवाजावरून तो आला आहे. म्हणून 'तीन रेघांचा पक्षादेश' असे लिहावे.