माटोळी बांधताना हात का थांबला?

प्रश्न : आमचे हे ६७ वर्षांचे. गेल्या वर्षी श्रावणात अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला होता. आता हात चालतो, बोलणेही स्वच्छ आहे. पण यंदा चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळे टांगायची लाकडी चौकट, बांधायला उभे राहिले आणि अडकले. कवंडळ, तोरिंग, आसोळा नारळ, सगळ्याची नावे पटापट सांगितली, मग केवणीचा दोर हातात धरून नुसते चौकटीकडे बघत राहिले. चाळीस वर्षे हेच बांधतात! मागे विजेचे बिलही दोनदा भरले. डॉक्टर म्हणाले, 'सौम्य विसराळूपणा आहे.' हे वाढत जाणार का? आणि स्कूटरचा हट्ट आहे, त्याचे काय करू?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, माटोळीची ती ओळ मी तीनदा वाचली. केसपेपरवर इतके नेमके कोणी लिहीत नाही.

'विसराळूपणा' हा शब्द मला इथे पटत नाही. यजमान विसरलेत काय? फळांची नावे तर सगळी आली. सुटला तो क्रम. आमच्या घरी बाबा आधी घड आणि नारळ बांधत, दोन्ही बाजूंचा तोल बघत, हलके ते मागाहून. पुढचे पाऊल आधी ठरवायचे आणि चालू काम डोक्यात धरून ठेवायचे, हे मेंदूचा पुढचा भाग आणि त्याला बाकीच्या मेंदूशी जोडणारे तंतू करतात. रक्तवाहिन्यांच्या आजारात पहिला मार बहुधा तिथेच बसतो. विचाराचा वेगही मंदावतो. दोनदा भरलेले बिल त्याच खात्यातले. तेव्हा पाहुण्यांसमोर 'सांगा बघू, हा कोण?' अशी परीक्षा घेऊ नका. त्यात ते पास होतील आणि मनातून दुखावतील.

वाढणार का? वाढेलच असे नाही. काहींचे वर्षानुवर्षे आहे तिथेच राहते, काहींचे सुधारते, काहींचे स्मृतिभ्रंशाकडे जाते. पहिल्या झटक्यानंतर वर्षभरात साधारण दहातल्या एकाला नव्याने स्मृतिभ्रंश होतो. झटका पुन्हा आला, की हे प्रमाण तिनात एकाच्याही वर जाते. माझे सगळे उत्तर या दोन आकड्यांत आहे: दुसरा झटका टाळायचा. हे थांबवणारी खात्रीची गोळी अजून नाही. रक्तदाबाची गोळी मात्र आहे, आणि 'हात बरा झाला, आता कशाला?' म्हणून ती परस्पर बंद करणारे माझ्याकडे दर आठवड्याला येतात. रक्त पातळ ठेवणारी गोळीही स्वतःहून सोडायची नाही. साखर बघा. नाडी अनियमित आहे का, ते ईसीजी काढून तपासून घ्या. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चमचा. पावसाळ्यात पेजेबरोबर भाजलेला खारा बांगडा मलाही सोडवत नाही, पण त्यांच्या ताटात तो नको.

आणखी एक. ते गप्प असतात का? भजनाला जायचे सोडले का? झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येते, आणि ते हुबेहूब 'डोके चालत नाही' असे दिसते. त्यावर औषध आहे. बी-१२, थायरॉइड, ऐकू येणे, रात्रीचे घोरणे, झोपेच्या गोळ्या, हेही तपासून घ्या. स्मरण आणि विचार तपासणारी तीस गुणांची कागदी चाचणी झाली असेल, तर ती सहा महिन्यांनी पुन्हा करा. एका दिवसाच्या गुणांवरून पुढचा अंदाज बांधू नये. वर्षभर ठीक चालले आणि एका सकाळी एकदम बिघडले, तोंड वाकडे झाले, शब्द अडखळले, तर 'विश्रांती घेऊ द्या' म्हणू नका. लगेच १०८ लावा. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते.

स्कूटर : तूर्त नाही. डिचोलीच्या बाजारात समोरून बस, डावीकडून रिक्षा आणि मध्ये गाय, हे सगळे एका क्षणात जुळवायचे असते, आणि नेमके तेच त्यांना जड जाते आहे. नजर आणि लक्ष यांची तपासणी होईपर्यंत चावी तुमच्याकडे. हे तुम्ही सांगू नका, भांडण होईल. डॉक्टरांकडून सांगवा.

माटोळीचे काम मात्र काढून घेऊ नका. पुढच्या चवथीला घरातल्या कोणा पोराला शिडीवर चढवा. यजमान खाली खुर्चीत बसून सांगतील आणि तो बांधील. आदल्या दिवशी दोघांनी मिळून क्रम कागदावर लिहावा, अक्षर यजमानांचे असावे. कागद चौकटीलाच टाचून ठेवा.