जमिनीखाली किती तेल आहे हे आधीच कसं सांगतात, आणि नंतर तो आकडा बदलतो कसा?

माझं कामच या आकडेमोडीचं आहे, म्हणून उदाहरण घेऊनच सांगतो. तेल खडकाच्या बारीक छिद्रांत असतं. समजा, तेल असलेला खडक 10 चौरस किलोमीटर पसरलाय आणि 20 मीटर जाड आहे. म्हणजे 20 कोटी घनमीटर खडक. त्यात 20 टक्के छिद्रं धरली तर जागा उरली 4 कोटी. त्यातली 30 टक्के पाण्याने भरलेली, म्हणून तेल 2.8 कोटी. ते वर आणलं की विरघळलेला गॅस निघून जातो आणि तेल आकसतं. 1.4 ने भागा: 2 कोटी घनमीटर, म्हणजे साधारण 12.6 कोटी बॅरल.

गणित शाळकरी आहे, गोची आत घातलेल्या आकड्यांत आहे. छिद्रं आणि पाणी विहिरीतल्या लॉगवरून, म्हणजे विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या नोंदींवरून, बऱ्यापैकी कळतं; खारं पाणी वीज वाहून नेतं, तेल नेत नाही, आणि या फरकावरून पाण्याचं प्रमाण काढायचं सूत्र आर्ची या अभियंत्याने 1942 साली दिलं. पण विहीर म्हणजे वीतभर रुंदीचं भोक. दोन विहिरींमधल्या खडकाचा अंदाज सिस्मिकवरून, म्हणजे जमिनीत सोडलेल्या आणि खडकांवरून परत आलेल्या लहरींवरून, बांधायचा, आणि सिस्मिक खोली मोजत नाही, लहरीला परत यायला लागलेला वेळ मोजतं. वेगाचा अंदाज जरा चुकला की खोली चुकते. तेलाचा खडक पसरट घुमटासारखा असेल तर दहा-वीस मीटरच्या फरकाने क्षेत्रफळ कुठल्या कुठे जातं. म्हणून शहाणा माणूस एक आकडा देत नाही, पल्ला देतो. ‘सिद्ध’ साठा म्हणजे निदान तेवढं निघण्याची शक्यता 90 टक्के. ‘संभाव्य’ त्यात मिळवला की 50 टक्के.

बातम्यांत मात्र सगळ्यात मोठा आकडा छापतात, आणि तो बहुतेकदा खाली असलेल्या तेलाचा असतो, निघणाऱ्या तेलाचा नव्हे. वरच्या उदाहरणात 30 टक्के निघालं तर हाती 3.8 कोटी बॅरलच. गॅसचं बरं असतं, 70-80 टक्केही निघतो. वर्गवारीची ही गडबड मोठ्यांनाही भोवते: 2004 मध्ये शेल या तेल कंपनीने आपल्या सिद्ध साठ्यातला सुमारे 20 टक्के भाग त्या यादीतून काढला.

माझा स्वतःचा जास्त भरवसा उत्पादन सुरू झाल्यावरच्या दाबावर. गॅसच्या साठ्यात दाबाला z ने, म्हणजे गॅसच्या आदर्श वागण्यापासूनच्या फरकाने, भागलं आणि काढलेल्या गॅससमोर मांडलं तर सरळ रेघ येते. 100 कोटी घनमीटर काढल्यावर तो भागाकार 300 वरून 270 बारवर (बार हे दाबाचं एकक) आला, म्हणजे दहावा भाग घटला, तर मूळ साठा साधारण 1000 कोटी. अट एकच, खालून पाणी आत शिरत नसावं. पाणी शिरत असेल तर ते दाब टिकवून धरतं, रेघ चपटी दिसते आणि साठा आहे त्यापेक्षा मोठा भासतो. सुरुवातीच्या वर्षात हे ओळखणं फार अवघड असतं, कारण तेव्हा ती रेघ सरळच दिसते.