पहिलं मॉडेल छोटंच काढ

टोगाफची, म्हणजे कंपनीची कामं आणि सिस्टिम यांची रचना आखायच्या पद्धतीची, परीक्षा पास झालास, छान. आता ते पुस्तक दोन महिने कपाटात ठेव. अख्ख्या कंपनीचा नकाशा काढायला बसू नकोस. मी बसलो होतो. आठ महिन्यांनी आर्किमेट या चौकटी-बाणांच्या चित्रभाषेत भिंतभर आकृती तयार झाली, तोवर त्यातल्या दोन सिस्टिम बंदही झाल्या होत्या! त्यापेक्षा एकच प्रश्न धर: हा जुना सर्व्हर काढला तर कुणाचं काम अडेल? खाली सर्व्हर, त्यावर ॲप्लिकेशन, त्यावर माणसांचं काम, एवढ्या तीन थरांत उत्तर काढ. खरी माहिती एक्सेलमध्ये नसते, बिलं पास करणाऱ्या ताईंकडे असते. त्यांच्या शेजारी तासभर बस. साहेबांना बाणांचे प्रकार समजावू नकोस, एक पान पुरतं. प्रत्येक चौकटीला मालक मात्र हवाच, नाहीतर पुढच्या वर्षी ती दुरुस्त कोण करणार?