पाडव्याला घरी 12 माणसं जेवायला, टेबल कसं मांडू?

अहो टेबल सहा जणांचंच असेल ना, मग सरळ दोन पंगती करा, आधी आजी-आजोबा आणि पोरं टेबलावर, बाकीचे नंतर, नाहीतर खाली सतरंजी घालून पाट मांडा, मजा येते.

केळीचं पान असेल तर टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. वर मधे मीठ, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे बटाट्याची भाजी, उसळ. मधे भाताची मूद, त्यावर वरण, वरून तूप. श्रीखंड आणि आमटी मात्र वाटीतच द्या हं, गेल्या वर्षी मी हौसेने पानावरच श्रीखंड वाढलं आणि आमटीचा ओघळ थेट त्यात, पोरांनी तोंडं वाकडी केली. कडुलिंबाची चटणी (गूळ, चिंच, ओवा, हिंग घालून) अगदी सुपारीएवढी, जास्त कोणी खात नाही!

टेबलावर रांगोळी नको, बाही लागून पसरते, त्यापेक्षा झेंडूच्या पाकळ्या आणि मधे आंब्याचा डहाळा घातलेला तांब्या ठेवा. पुऱ्या तेवढ्या आधी तळून ठेवू नका, लोकं बसल्यावरच कढई चढवा.